बसक्या गाडीचीं चाकें

गेल्या महिन्याच्या टपालांत एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. त्यांचे चिरंजीव अमेरिकेंत मिशिगन राज्यांत नोकरीनिमित्त राहतात. त्यांनीं तेथें १९६९ सालची शेव्हरोले कॅमेरो ही जुनी मोटार विकत घेतली असून, आतां ती दोन इंच खालीं बसवून तिला मोठीं चाकें घालण्याचा त्यांचा विचार चालला आहे. ‘मूळचीं चाकें शाबूत असतां हीं कसलीं थेरें? आणि यांत जिवाला कांहीं धोका तर नाहीं ना?’ असे दोन प्रश्न मातोश्रींनीं आम्हांस विचारले आहेत. पहिल्या प्रश्नाचें उत्तर बरेंचसें अभिरुचीवर अवलंबून आहे. दुसऱ्याचें मात्र मोजपट्टी व त्रैराशिक यांच्या साहाय्यानें देतां येतें. ज्यांची मुलें-नातवंडें परदेशीं आहेत अशीं कुटुंबें आमच्या वाचकांत पुष्कळ असल्यामुळें येथें जरा विस्तारानें लिहितों.

ज्या जातीची ही मोटार, तिला तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. ‘स्नायुयान’ असा प्रतिशब्द करण्याचा मोह आम्हांस झाला. परंतु तो ऐकून कोणत्याहि मिस्त्रीस हंसूं आवरणार नाहीं, म्हणून रूढ शब्दच ठेवतों. या प्रकाराचा आरंभ सामान्यतः १९६४ सालच्या पाँटिअॅक जी. टी. ओ. या मोटारीपासून धरतात. मध्यम आकाराच्या गाडींत ३८९ घन इंचांचें दांडगें एंजिन बसविणें ही त्यांतली युक्ति. काटेकोर वर्गीकरण करणारे लोक कॅमेरोला ‘पोनी कार’ म्हणून वेगळ्या पंगतीस बसवितात. पण पुढें विम्याचे वाढते हप्ते, धुराविषयींचे कायदे आणि १९७३ सालची तेलटंचाई यांनीं दोहोंचीहि रया सारखीच घालविली. आज या गाड्या हौसेनें जतन केल्या जातात. मिशिगनमध्यें डिट्रॉइटजवळच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर १९९५ सालापासून ऑगस्टांत अशा जुन्या गाड्यांची जी प्रचंड फेरी निघते, ती पाहिली म्हणजे या हौसेची कल्पना येते.

आतां थेरांविषयीं. १९६९ सालीं या मोटारीस सामान्यतः १४ इंची चाकें येत. झेड-२८ नांवाच्या चपळ प्रकारास १५ इंची चाकें व ‘ई ७०-१५’ मापाचे टायर असत. त्यांचा व्यास सुमारें २६ इंच, आणि विणीचे धागे तिरपे. मिशेलिन कंपनीनें रेडिअल टायरचें पेटंट १९४६ सालीं घेतलें होतें; परंतु अमेरिकेंत तो प्रकार खऱ्या अर्थानें रुळला तो १९७० नंतरच्या दशकांत. आज रस्त्यास घट्ट धरून राहणारे चांगले टायर १४ इंची मापांत फारच थोडे मिळतात. शिवाय त्या काळीं चारी चाकांस ड्रम-ब्रेक हाच नेहमींचा प्रकार होता. पुढें डिस्क-ब्रेक हवे तर जादा पैसे मोजावे लागत. आजचे मोठे डिस्क-ब्रेक १४ इंची चाकाच्या पोटांत मावतच नाहींत. तेव्हां जो तरुण ही गाडी नुसती पुसून न ठेवतां चालविणार आहे, त्यानें १७ इंची चाकांचा विचार करणें हें थेर नव्हे. वीस-बावीस इंची चाकें घालणें हें मात्र आमच्या मतें पगडीखालीं नेकटाय बांधण्यासारखें आहे. त्या मोटारीची अंगकाठी रेखाटतांना कारागिराच्या डोळ्यांपुढें तीं नव्हतीं.

चूक होते ती क्रमांत. पुष्कळ हौशी लोक चित्र पाहून आधीं चाकें घेतात, मग त्यांवर मावेल तो टायर चढवितात, मग गाडी खालीं आणतात, आणि शेवटीं टायर मडगार्डाला घासूं लागला म्हणजे पत्रा कापायला बसतात. आमच्या खेड्यांतील लोहारास हें कधीं सुचलें नसतें. गाड्याच्या चाकास धांव चढविण्यापूर्वीं तो चाकाचा घेर मोजून घेई, धांव त्याहून किंचित लहान करी, आणि ती तापवून फुगली म्हणजे चाकावर बसवी. थंड होतां होतां ती चाकास आवळून धरी. माप आधीं, लोखंड मागून. येथेंहि क्रम तोच पाहिजे. गाडी किती खालीं बसवावयाची आणि ब्रेक कोणते ठेवावयाचे हें प्रथम कायम करावें. मग मोकळी जागा मोजावी. त्या जागेवरून टायर ठरवावा. आणि टायरवरून चाक.

टायरवरचे आंकडे वाचणें अवघड नाहीं. ‘२५५/४५ आर १७’ यांतील २५५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्यें. ४५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या शेंकडा ४५. आर म्हणजे रेडिअल आणि १७ हा चाकाचा व्यास, इंचांत. एकाच ओळींत फ्रेंच व इंग्रज अशीं दोन मापें नांदावीं ही गोष्ट गणिताच्या शिक्षकास खटकते खरी. पण व्यवहारानें ती पत्करली आहे. २५५ चे शेंकडा ४५ म्हणजे ११४.७५ मिलिमीटर. भिंत वर एक व खालीं एक, म्हणून दुप्पट, २२९.५. त्यांत १७ इंचांचे ४३१.८ मिलिमीटर मिळविले कीं ६६१.३ मिलिमीटर, म्हणजे २६ इंचांहून केंसभर अधिक. जुन्या ‘ई ७०-१५’ चा व्यासहि जवळजवळ हाच. चाक दोन इंचांनीं वाढलें, भिंत तितकी घटली, आणि बाहेरचा घेर होता तोच राहिला. याच रीतीनें ‘२३५/४५ आर १७’ चा व्यास काढला तर ६४३.३ मिलिमीटर, म्हणजे सुमारें २५.३ इंच येतो. पुढें हा व मागें तो, अशी जोडी या मोटारीसाठीं पुष्कळांच्या पसंतीस उतरली आहे. गाडी पुढून किंचित नमलेली दिसते आणि तें तिला शोभतेंहि.

घेर कां जपावा, तर वेगाचा कांटा मागच्या चाकांच्या फेऱ्यांवरून चालतो. २६ इंचांऐवजीं २५ इंची टायर मागें घातला, तर कांटा ६० मैल दाखवील तेव्हां खरा वेग ५८ मैलांहूनहि कमी असेल, आणि त्याच वेगाला एंजिनास अधिक फेरे मारावे लागतील. गिअर-बॉक्समधील वेगमापकाचें लहान दांतेरी चाक बदलून कांट्यापुरती दुरुस्ती होते. आणखी एक गोष्ट विसरली जाते: व्यास एक इंच घटला कीं गाडी अर्धा इंच आपोआप खालीं येते. तो अर्धा इंच ठरविलेल्या दोन इंचांत धरला आहे कीं नाहीं, हें आधींच पाहिलें पाहिजे.

येथपर्यंत सारें अनुमान झालें. आमच्या न्यायशास्त्रांत प्रमाणें चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. कॅटलॉगांत ‘बसतें’ असें छापलेलें असतें तें शब्दप्रमाण. ‘माझ्या मित्राच्या तशाच गाडीस बसलें’ हें उपमान. परंतु पन्नासांहून अधिक वर्षें वापरलेल्या दोन मोटारी तशाच कधींहि नसतात. कोठें पत्रा ठोकून सरळ केलेला असतो, कोठें मागचा आंस दुसऱ्या गाडीचा असतो, कोठें पाटे बसलेले असतात. इतकेंच काय, एकाच गाडीच्या उजव्या व डाव्या अंगांत पाव इंचाचा फरक सांपडतो. म्हणून येथें प्रत्यक्षावांचून गति नाहीं. चारी चाकांपाशीं स्वतः मोजलें पाहिजे.

मोजावयाचें काय? चाक जेथें बोल्टांवर बसतें त्या हबच्या बैठकीपासून आंत पहिली अडचण किती दूर आहे, आणि बाहेर मडगार्डाची दुमडलेली कड किती दूर आहे. मागच्या बाजूस आंतली अडचण म्हणजे पाटे किंवा चाकाच्या पोकळीची भिंत. पुढें ती सांगाडा आणि सस्पेन्शनचे दांडे. चाकाची बैठक व त्याची आंतली कड यांमधील अंतरास ‘बॅकस्पेसिंग’ म्हणतात, आणि बैठक चाकाच्या मध्यरेषेपासून जितकी सरकलेली असेल त्यास ‘ऑफसेट’. आठ इंची म्हणून विकलेलें चाक कडांसह सुमारें नऊ इंच भरतें, कारण आठ इंच हें माप टायर बसतो तेथलें असतें. म्हणून त्याचें बॅकस्पेसिंग साडेचार असेल तर ऑफसेट शून्य; पांच असेल तर चाक अर्धा इंच आंत गेलें. समजा, मागें बैठकीपासून पाट्यांपर्यंत सहा इंच जागा मिळाली. २५५ मिलिमीटरचा टायर सुमारें दहा इंच रुंद, म्हणजे मध्यरेषेच्या दोन्ही अंगांस पांच-पांच. चाक अर्धा इंच आंत असेल तर आंतल्या अंगास साडेपांच इंच जागा लागेल व अर्धा इंच शिल्लक राहील. बाहेर साडेचार लागतील. तेवढी जागा कडेपर्यंत आहे का तें पाहावें. टायर चाकाहूनहि रुंद फुगतो हें न जाणतां जे केवळ चाकाचें माप धरतात, त्यांचा हिशोब येथेंच फसतो. आणि शिल्लक अर्ध्या इंचाखालीं जाऊं देऊं नये. कारण वळणावर पाट्यांवरचा आंस थोडा आडवा हलतो.

परंतु गाडी उभी असतां घेतलेलें माप हें अर्धेंच माप होय. टायर घासतो तो खळग्यांत, भरल्या गाडींत, वळणावर. म्हणून स्प्रिंगा काढून चाक जॅकनें त्याच्या सर्वांत वरच्या टोकास, रबरी अडणीस भिडेपर्यंत, उचलावें. पुढचें चाक तसेंच ठेवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावें, आणि मग मोजावें. गाडी खालीं आणण्याच्या रीतीनेंहि येथें मोठा फरक पडतो. स्प्रिंगा आंखूड घातल्या तर चाकाचें सर्वांत वरचें टोक पूर्वीं होतें तेथेंच राहतें. तें फक्त लवकर गांठलें जातें, व गाडी आपटते. पुढचें चाक ज्यावर फिरतें तो स्पिंडल दोन इंच उंच बैठकीचा घातला तर सस्पेन्शनची ठेवण बिघडत नाहीं. पण चाकाचें तें टोक दोन इंच वर जातें आणि टायर मडगार्डांत तितका अधिक शिरतो. दोन्हीं रीतींनीं गाडी उभी असतां सारखीच बसकी दिसते. घासणें मात्र निराळें. पैसे वांचविण्यासाठीं स्प्रिंगा ज्योतीनें तापवून बसविण्याचीहि एक रीत आहे. ती सर्वथा त्याज्य होय. तापविलेल्या पोलादाचें पाणी उतरतें आणि त्याचा भरंवसा राहत नाहीं. आणि पुढच्या गुंडाळलेल्या स्प्रिंगा घरच्या अंगणांत काढूं नयेत. दाबलेली स्प्रिंग निसटली तर ती माणूस ठार करूं शकते. हें काम जाणत्याच्या कारखान्यांतच व्हावें.

मातोश्रींच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. मडगार्डाची कड धारदार असते. तिनें टायरची भिंत एकेका खळग्याबरोबर थोडी थोडी चिरत जाते आणि ती एखाद्या दिवशीं साठ-सत्तर मैलांच्या वेगांत फुटते. कड आंत दुमडून सपाट करतां येते. पण तो जागा वाढविण्याचा उपाय नव्हे, चिरण्यापासून बचाव आहे. मिशिगनमध्यें हिंवाळ्यांत पाणी गोठून व वितळून रस्त्यांस खड्डे पडतात, आणि उतरत्या भिंतीच्या टायरमध्यें धक्का सोसण्यास रबर कमी असतें; चाकाची कड वांकते. म्हणून ४५ च्या खालीं न जाणें बरें. मीठ टाकलेल्या रस्त्यांवर तिकडचे लोक जुन्या गाड्या तशाहि नेत नाहींत.

राहिलेल्या गोष्टी लहान आहेत, पण सोडण्यासारख्या नाहींत. कॅमेरोच्या चाकाचे पांच बोल्ट पावणेपांच इंची वर्तुळावर असतात व फोर्ड मस्टँगचे साडेचार इंची वर्तुळावर. हा पाव इंच डोळ्यांस कळत नाहीं, म्हणून दुसऱ्याचें चाक बसतें कीं काय हें ठोकून पाहूं नये. तिरप्या विणीचा व रेडिअल टायर एका गाडीवर मिसळूं नयेत. टायरवर छापलेला भारांक पाहावा: ९४ म्हणजे एका टायरला ६७० किलो. जुन्या काळच्या कोष्टकांतले चाकांचे कल तिरप्या विणीच्या टायरांसाठीं होते. रेडिअल घातल्यावर व गाडी खालीं आणल्यावर ते नव्यानें लावून घ्यावे. हौसेच्या गाडीचे टायर वर्षानुवर्षें झिजत नाहींत, पण रबर कडक होतें. टायरच्या अंगावर शेवटीं चार आंकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. वरची नक्षी कितीहि ताजी दिसो, दहा वर्षांवरचा टायर काढून टाकावा. आणि नवीं चाकें बसविल्यावर पन्नास मैल चालवून झाले कीं सर्व नट पान्यानें पुन्हां एकदां नेमक्या जोरानें आवळून घ्यावे.