काय काय पाहिलंस?

सहलीहून आलेल्या मुलाला आपण दारातच हा प्रश्न विचारतो. त्याच्या पायातली चप्पल निघालेली नसते, पिशवीत उरलेल्या दशम्यांना वास यायला लागलेला असतो, आणि आपल्याला मात्र लगेच हिशेब हवा असतो. १९७४ साली वालूरहून पैठणची सहल करून मी मध्यरात्री घरी पोचलो, तेव्हा आईनेही हेच विचारले होते. मी म्हणालो, "क्रेन!"

खोटे नव्हते ते. जायकवाडीचे धरण तेव्हा पुरे होत आले होते, आणि आमच्यासारख्या पोरांनी एवढे मोठे यंत्र जन्मात पाहिले नव्हते. त्याच दिवशी नाथांचे मंदिर झाले, नागघाट झाला, गोदावरीत पाय बुडवून झाले. गुरुजी बिचारे "चला, चला" म्हणत पोरे मोजत होते. चाळीस मुले नेऊन चाळीसच परत आणायची, हीच त्यांची परीक्षा. पण हे पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान, पुढे कित्येक शतके पंडितांचे पीठ, आणि ज्ञानदेवादी भावंडे शुद्धिपत्रासाठी या गावाच्या दारी आली अशी परंपरा सांगते, हे सगळे मनात नीट बसायला मला पस्तिशी उजाडली. आमच्या मराठवाड्यातले एक जुने विद्यानगर मी बाराव्या वर्षी पाहिले होते आणि पाहिलेच नव्हते.

हे सारे आठवायचे कारण केंब्रिज. गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे लंडनला होतो. त्याच्या ओळखीची सात-आठ मराठी मुले-मुली तिथे शिकतात. त्यांनी एक दिवसाची केंब्रिजची सहल काढली आणि "काका, तुम्हीही चला" म्हणाली. किंग्ज क्रॉस स्टेशनातून जलद गाडी धरली की तासाभराच्या आत माणूस तिथे पोचतो. म्हणजे सेलूहून परभणीला जाऊन यावे, तशातला प्रकार.

मुले सगळी कर्जावर शिकणारी. हे मला कुणी सांगावे लागले नाही. बँकेत मी शैक्षणिक कर्जाच्या फायली वर्षानुवर्षे हाताळल्या आहेत. साडेसात लाखांच्या वर रक्कम गेली की तारण मागायचे. कोरडवाहू जमीन चालायची नाही, गावठाणातल्या घराचे कागद धड नसायचे. किती बापांना मी "बघू" म्हणून परत पाठवले, त्याची नोंद कुठल्याच खातेवहीत नाही. या गटातली एक मुलगी जिंतूर तालुक्यातली. तिच्या वडिलांनी परभणीतला एकुलता प्लॉट गहाण ठेवला आहे. त्यामुळे नदीतली होडी की किंग्ज कॉलेजच्या चॅपेलचे तिकीट, यावर रस्त्यात उभे राहून दहा मिनिटे खल झाला. दोन्ही परवडणारे नव्हते. होडी जिंकली. फोटो चांगले येतात.

कॅम नदी आपल्या दुधनेपेक्षा फार मोठी नव्हे, फक्त तिला बारमाही पाणी आहे. सपाट बुडाची होडी, मागे उभा राहून लांब बांबूने ती ढकलणारा पोरगा आणि त्याच्या तोंडी अखंड कथा. क्वीन्स कॉलेजचा लाकडी पूल आला तेव्हा तो म्हणाला, हा न्यूटनने एकही खिळा न वापरता बांधला. सगळ्यांनी माना डोलावल्या. न्यूटन वारला १७२७ साली, पूल झाला १७४९ साली. हिशेब तपासण्याची जुनी खोड, दुसरे काय! पण मी गप्प बसलो. आपल्याकडे प्रत्येक जुने देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलेले असते, तेव्हा त्या पोराला कशाला बोल लावा?

होडीतून उतरून किंग्ज कॉलेजच्या पुलापाशी आलो. तिथे काठाला एक पांढरी शिळा आहे. चिनी कवी शू झिमो १९२१-२२ च्या सुमारास इथे राहिला होता. पुढे १९२८ मध्ये त्याने केंब्रिजच्या निरोपाची कविता लिहिली. तिच्या ओळी या शिळेवर कोरून २००८ साली ती बसवली. चीनमधली शाळकरी मुले ती कविता पाठ करतात. आम्ही गेलो तेव्हा पंधरा-वीस चिनी विद्यार्थी तिथे उभे होते. एक मुलगी हलक्या आवाजात म्हणू लागली, मग दुसरी, मग सगळीच. फोटोही काढले त्यांनी, पण नंतर.

जिंतूरची मुलगी बघत राहिली. मग म्हणाली, "काका, आपलं असं इथं काहीच नाही का हो?"

मी त्यांना तिथून सिनेट हाउससमोर घेऊन गेलो. चार पावलांवर आहे. गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेचे निकाल तिथे मोठ्याने वाचून दाखवत. पहिल्या वर्गात येणारे ते रँग्लर, आणि त्यांतला पहिला तो सीनियर रँग्लर. १८९९ साली त्या जागी एक नाव वाचले गेले, दापोली तालुक्यातल्या मुर्डी गावच्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांचे. हा मान मिळालेला पहिला भारतीय. एक मुलगा म्हणाला, "अहो, रँग्लर हे मला त्यांचं पाळण्यातलं नावच वाटायचं!" सगळे हसले, पण हसून झाल्यावर कुणी हलेना. मग मी आमच्या धंद्याचे दैवतही सांगून टाकले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख इथल्याच जीझस कॉलेजचे. आणि नारळीकर? वडील विष्णुपंत इथले रँग्लर, चिरंजीव जयंतही इथले रँग्लर. जयंतरावांनी 'चार नगरांतले माझे विश्व' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले; त्या चारांतले एक नगर हेच. २०१४ साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि मे २०२५ मध्ये ते गेले. म्हणजे चिन्यांकडे एक कविता आहे, तर आमच्याकडे अख्खे पुस्तक आहे. फक्त ते वाचून इथे कुणी येत नाही.

आता कुणी म्हणेल, मुलांना एक दिवस मजा करू द्या, तिथेही तुमचा तास कशाला? मजेला माझी ना नाही. पण एका दिवसात पाच ठिकाणे उरकणारी सहल ही मजा नव्हे, ती वसुली आहे. एक ठिकाण घ्यावे. त्या ठिकाणच्या एका माणसाची गोष्ट आठवडाभर आधी वर्गात सांगावी. मग पोर तिथे पाहुणे म्हणून जात नाही. विशेषतः ज्याच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलेले नाही, त्या पोराला विद्यापीठाच्या भिंती फक्त बाहेरून दाखवल्या तर त्या त्याला आणखी उंच वाटतात. आत ग्रंथालयात नेऊन बसवा, कुणी शिकवत असेल तर मागच्या बाकावर बसू द्या. छत्रपती संभाजीनगरचे विद्यापीठ १९५८ सालचे. वेरूळ-दौलताबादला जाणाऱ्या आपल्या सहली त्या शहरातूनच पुढे जातात, पण बस विद्यापीठाच्या दारात काही थांबत नाही.

ही सूचना मी हिवाळ्यात ओळखीच्या काही शिक्षकांपुढे मांडली. "पोरांना तिथं काय बघायचंय?" एकाने विचारले. यादीत वॉटर पार्क पहिला होता. तो राहू द्या म्हटले, पण दोन तास ग्रंथालयाला द्या. बघू म्हणाले. 'बघू'चा अर्थ माझ्याइतका कुणाला ठाऊक?

त्यानंतर वालूरला गेलो होतो. आमच्या गावात चक्राकार पायऱ्यांची जुनी बारव आहे. आमच्या लहानपणी ती म्हणजे गाळ, काटेरी झुडपे आणि आईचा "तिकडं जायचं नाही" हा दम. गावकऱ्यांनी श्रमदान करून ती अलीकडे मोकळी केली, आणि आता माणसे लांबून पाहायला येतात. त्या दिवशी कुठल्याशा आर्किटेक्चर कॉलेजची मुले टेप लावून मापे घेत होती. काठावर गावातला एक आठ-नऊ वर्षांचा पोरगा उकिडवा बसून त्यांच्याकडे पाहत होता.

"तुम्ही हे बघायला आलात?" त्याने खाली वाकून विचारले. "एवढ्या लांबून?"

खालच्या मुलीने हो म्हटले आणि टेपचे दुसरे टोक त्याच्याकडे फेकले. त्याने ते धरले. नीट धर, हलू देऊ नको, असे ती सांगत होती, आणि तो श्वास रोखून बसला होता.