वकील पहिल्या चोवीस तासांत हवा

भोसरी, तळवडे, म्हाळुंगे, चाकण या पट्ट्यातल्या कामगाराला पीएफ, ईएसआय, ओव्हरटाइम हे शब्द पाठ असतात. एफआयआरमध्ये नाव आले की मात्र त्याला काही सुचत नाही. गावाकडून भाऊ येईपर्यंत, ओळखीतून वकील सापडेपर्यंत पहिली पोलीस कोठडी मंजूर झालेली असते. बचाव इथेच कमकुवत होतो. म्हणून हे मुद्दे.

1. आरोप म्हणजे दोष नव्हे.
30 जुलै 2018 रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला चाकणमध्ये हिंसक वळण लागले. बसगाड्या जाळल्या गेल्या, पोलीस जखमी झाले, हजारो अनोळखी लोकांवर गुन्हे दाखल झाले. जाळपोळ करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण गुन्हा 'अनोळखी जमावा'वर असतो, तेव्हा शिफ्ट सुटून त्या रस्त्याने गेलेल्याचे नावही पुढे त्यात येऊ शकते. हरियाणातल्या मानेसरच्या मारुती कारखान्यात 2012 साली झालेल्या हिंसाचाराबद्दल 148 कामगारांवर खटला चालला. 2017 मध्ये 31 दोषी ठरले आणि 117 निर्दोष सुटले. सुटलेल्यांपैकी अनेकांची काही वर्षे तोवर तुरुंगात गेली होती. अशा वेळी पंचिंगची नोंद, गेटवरचे सीसीटीव्ही फुटेज, कंपनीच्या बसची वेळ हाच बचाव असतो. फुटेज काही दिवसांत पुसले जाते. ते जपून ठेवा, अशी लेखी मागणी पहिल्याच आठवड्यात करायला हवी.

2. कायदा कोणता लावला, हे आधी विचारा.
1 जुलै 2024 पासून देशभर भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या जोडीला महाराष्ट्राचे स्वतःचे कायदे आहेत आणि ते जास्त कडक आहेत. पोलिसांपुढे दिलेली कबुली एरवी पुरावा ठरत नाही. संघटित गुन्हेगारीविरोधी 1999 च्या मोक्का कायद्यात मात्र अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली ठराविक अटींवर पुरावा ठरते. दोषारोपपत्राची मुदत 180 दिवसांपर्यंत वाढवता येते आणि जामीन फार अवघड होतो. धोकादायक कारवायांना प्रतिबंध करणाऱ्या 1981 च्या एमपीडीए कायद्याखाली खटल्याशिवाय 12 महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येते. 1951 च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत तडीपार करता येते. तडीपारीपूर्वी नोटीस येते. तिला लेखी उत्तर द्या. हुकूम निघाला तर 30 दिवसांत राज्य सरकारकडे अपील करा. तडीपारी हा अपवादात्मक उपाय आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये जालन्याच्या प्रकरणात बजावले आहे.

3. अटकेचे कारण कळेल त्या भाषेत मिळाले पाहिजे.
सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 खाली हजर राहण्याची नोटीस देता येते, आणि नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणे नोंदवावी लागतात. अटक झालीच तर तिची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये वरळीच्या अपघात प्रकरणात ठरवले. बिहार-ओडिशातून आलेल्या हजारो कामगारांच्या या पट्ट्यात हा निकाल फार मोलाचा आहे. पहिल्या रिमांडला दंडाधिकारी विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" प्रश्न मराठीत, आजूबाजूला पोलीस, अंगावर अजून कंपनीचा गणवेश. कामगार मान हलवतो आणि "तक्रार नाही" अशी नोंद होते. शेजारी वकील असता, तर मारहाण झाली असल्यास ती त्याच क्षणी कागदावर आली असती.

4. जामीन मिळणे आणि बाहेर येणे यांत अंतर नको.
जामीन मंजूर होतो, पण स्थानिक हमीदार मिळत नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यासाठी सातबारा घेऊन कोण उभा राहणार? मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याच्या भावाची हमी केवळ परजिल्ह्यातला म्हणून नाकारली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच ती पद्धत चुकीची ठरवली. वैयक्तिक जातमुचलक्यावर सुटका मागता येते. 60 किंवा 90 दिवसांच्या मुदतीत दोषारोपपत्र आले नाही, तर जामीन हा हक्क होतो. मात्र त्यासाठी अर्ज करावा लागतो.

5. "कबूल करून मोकळा हो" हा सल्ला महागात पडतो.
किरकोळ गुन्ह्यात दंड भरून सुटण्याचा मोह होतो, कारण तारखेला गेले की रोज बुडतो. पण कबुली म्हणजे दोषसिद्धी. पुढे ठेकेदाराने चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला की तीच आडवी येते. कबुलीपूर्वी वकिलाला विचारलेच पाहिजे.

6. मोफत वकील ही मेहेरबानी नाही.
विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 मध्ये स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतील व्यक्ती यांच्याबरोबर औद्योगिक कामगाराचाही स्पष्ट उल्लेख आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही. देशातल्या मोठ्या वाहन-पट्ट्यांपैकी एक असलेल्या आपल्या भागात हे किती कामगारांना ठाऊक आहे? पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाने प्रत्येक ठाण्यात हा हक्क मराठीत व हिंदीत ठळक लावावा. विधी सेवा प्राधिकरणाने रिमांडच्या वकिलांची यादी, फोन क्रमांकांसह, ठाणे अंमलदाराच्या टेबलावर ठेवावी. कंपन्यांनी नव्या कामगाराला हेल्मेट आणि सुरक्षेच्या नियमांसोबत ही माहितीही द्यावी. युनियननी गेटसभेत ती सांगावी.

निर्दोष माणसाला वेळेवर वकील मिळाला, तर पोलिसांना खऱ्या गुन्हेगाराच्या मागे लागायला वेळ मिळतो. यात समाजाचेच हित आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत क्रमांक 15100 आहे. तो आजच आपल्या मोबाइलमध्ये जतन करा, आणि लाइनवर शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्यालाही द्या.