ओळखीचा पोलीस

मी बऱ्हाणपूरचा, असे सांगितले की आमच्या स्टाफरूममधील कानडी सहकारी हटकून विचारतात, "मुमताज महल जिथे वारली, तेच ना?" होय, तेच. 1631 साली ती तेथे वारली. आम्हा गावकऱ्यांना मात्र गाव आठवते ते यंत्रमागांच्या खडखडाटाने. रात्री माग चालू असले की आम्हाला शांत झोप लागते. एकाएकी थांबले की आई उठून बसते. वीज गेली असली तर ठीक, नाहीतर गावात काहीतरी बिनसले असे समजावे.

ऑक्टोबर 2008 मध्ये ते तसे थांबले होते. दंगल झाली, माणसे मेली, संचारबंदी लागली. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे, आणि त्याच गावात माणसे शेजारच्या मोहल्ल्यातून जायला कचरू लागली. त्या दिवसांतली एक गोष्ट मनात रुतून बसली आहे. बंदोबस्ताला आलेले पोलीस आम्हाला ओळखत नव्हते आणि आम्ही त्यांना. खिडकीतून डोकावणारा म्हातारा आणि हातात दगड घेतलेला पोर, दोघेही त्यांच्या लेखी सारखेच. दोष त्यांना तरी कसा द्यावा? परगावाहून ट्रकमध्ये बसून आलेल्या माणसाला कोण कोणाचा हे कसे कळावे!

रस्त्यावरची सुरक्षितता काठीच्या लांबीवर अवलंबून नसते, ओळखीवर असते, असे माझे मत त्यामुळे झाले. आणि या मताला पुरावा मिळाला तो आमच्यासारख्याच एका मागांच्या गावात, भिवंडीत.

भिवंडीचे नाव एके काळी दंगलीशी जोडलेले होते. 1970 च्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली आणि पोलिसांच्या पक्षपातावर स्पष्ट ताशेरे ओढले. 1984 च्या मे महिन्यात पुन्हा आग लागली; ती ठाणे-मुंबईपर्यंत पसरली. 1988 मध्ये सुरेश खोपडे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला-मोहल्ल्यात समित्या उभ्या केल्या, सुमारे 70. त्यांत दोन्ही समाजांची माणसे आणि त्या भागातले पोलीस एकत्र बसत. दंगल झाल्यावर नव्हे, तर काहीही झालेले नसताना. नळाचे भांडण, गटाराची तक्रार, पोरांची मारामारी असले किरकोळ विषय तेथे निघत. मला वाटते, खरी गोम याच किरकोळपणात आहे. नळावरून चार वेळा एकत्र बसलेली माणसे पाचव्या वेळी अफवा आली तर एकमेकांना विचारून पाहतात. डिसेंबर 1992 मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी पुढे त्यावर पुस्तकच लिहिले.

आता कोणी म्हणेल, समित्या तर आमच्याकडेही आहेत. आहेत ना! गणेशोत्सव आणि मोहरम तोंडावर आले की शांतता समितीची बैठक भरते. तीच दहा-पंधरा प्रतिष्ठित मंडळी, तोच चहा, तीच भाषणे, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो. त्या खुर्च्यांवर कांडी भरणारी बाई कधी दिसली आहे का? पाळी संपवून रात्री एकटा घरी जाणारा मागवाला? शनवाऱ्याच्या गर्दीतून संध्याकाळी शिकवणीहून परतणारी मुलगी? रस्ता कुठे अंधारा आहे, टवाळ पोरे कोणत्या कोपऱ्यावर बसतात, हे त्यांना ठाऊक असते. प्रतिष्ठितांना नसते, कारण ते गाडीतून जातात.

माझी सायकल एकदा चोरीला गेली. चौकीवर गेलो तर आधी मलाच विचारले, "कुलूप का लावले नव्हते?" लावले होते, साहेब. तक्रार काही लिहून घेतली नाही. सायकलीचे दुःख विसरलो, पण पुन्हा त्या चौकीची पायरी चढलो नाही. अशी किती माणसे पायरी न चढता राहत असतील, आणि त्यांच्याबरोबर किती बातम्या पोलिसांपर्यंत पोचायच्या राहत असतील! जपानमध्ये कोबान नावाच्या लहान चौक्या असतात. तेथला पोलीस आपल्या हद्दीतल्या घरोघरी जाऊन ओळख करून घेतो. वाट चुकलेल्याला पत्ता सांगणे हेसुद्धा त्याचे काम.

भिवंडीची गोष्ट मात्र येथेच संपवली तर ती अर्धी सांगितल्यासारखे होईल. जुलै 2006 मध्ये त्याच गावात पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसे गेली आणि मग जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. खोपडे केव्हाच बदलून गेले होते, आणि अधिकारी बदलला की त्याने लावलेली घडीही विस्कटते. एका माणसाच्या उत्साहावर उभी असलेली व्यवस्था ही व्यवस्थाच नव्हे. योगायोग असा, की त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात आदेश दिला, की ठाणेदारापासून वरच्या अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षे एका जागी राहू द्यावे. दोन वर्षे म्हणजे फार नव्हेत. गल्लीतली पोरे ओळखायला तेवढी लागतातच. पण शिपायाचे काय? ओळख तर त्याच्याशी व्हायची असते, आणि त्याला आज येथे तर उद्या मंत्र्याच्या दौऱ्याला पाठवतात. त्याची गस्त ठरलेली असावी, गल्ली ठरलेली असावी, आणि महिन्यातून एकदा त्याने लोकांबरोबर बसलेच पाहिजे असा नियम असावा. साहेब बदलले तरी बैठक चुकता कामा नये. समित्यांत दलाल शिरतील ही भीती खरी आहे, पण त्यावर उपाय बैठक उघड्यावर घेण्याचा आहे, बंद करण्याचा नव्हे.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा आईला विचारले, "आपल्या गल्लीत गस्तीला कोण येतो ग?" तिने दूधवाल्याचे नाव सांगितले, समोरच्या कारखान्यातल्या जॉबरचे सांगितले, पहाटे नळ सोडणाऱ्याचेही सांगितले. मग थोडा वेळ विचार करून म्हणाली, "शिट्टी ऐकू येते रे रात्री. माणूस नाही पाहिला."