आकार झाका, ओळख नको

चाकण, तळेगाव, पुणे-नाशिक रस्ता या मोटार कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना ‘टेस्टिंगची गाडी’, म्हणजे बाजारात येण्याआधी कंपनी चाचणीसाठी रस्त्यावर फिरवते ती नवी गाडी, समजावून सांगावी लागत नाही. बॉनेटपासून डिकीपर्यंत काळ्या-पांढऱ्या वेटोळ्यांची फिल्म, तिच्यात दिव्यांपुरती कापलेली भोके, कडांवर चिकटपट्ट्या आणि मागे आकार कळू नये म्हणून बसवलेला खोटा फुगवटा. ही वेटोळी शोभेची नसतात. पत्र्याची खरी घडी कुठे संपते आणि नुसती छपाई कुठे सुरू होते हे नजरेला कळू नये, यासाठी ती काढलेली असतात. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, नॉर्मन विल्किन्सन या ब्रिटिश चित्रकाराने जहाजांवर असेच उलटसुलट पट्टे रंगवण्याची कल्पना मांडली होती. जहाज दिसूच नये हा त्याचा हेतू नव्हता. ते कोणत्या दिशेला आणि किती वेगाने चालले आहे याबद्दल पाणबुडीचा अंदाज चुकावा, एवढेच त्याला हवे होते. गाडीच्या बाबतीतही झाकायचा असतो तो फक्त आकार. पण त्या आकाराबरोबर आपल्याकडे गाडीची ओळखही झाकली जाते, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे.

कंपन्यांची बाजू आधी मान्य करतो, कारण ती खरी आहे. आपल्या डिझाइन कायद्यानुसार अर्ज करण्याआधीच रचना जगजाहीर झाली, तर तिची नोंदणी अडते. त्यामुळे काही वर्षे खपून घडवलेली गाडी झाकून फिरवण्यात गैर काही नाही. मग ती रस्त्यावर आणताच कशाला, असे काही जण विचारतात. इंदूरजवळ पिथमपूरला 11.3 किलोमीटरचा वेगवान चाचणीमार्ग 2021 पासून सुरू आहे, अहिल्यानगरला संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे, पुण्यात वाहनांची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था आहे; तिथेच काय ते करावे, असे त्यांचे म्हणणे. हे म्हणणे मला पटत नाही. वरंध घाटातले जुलैतले धुके आणि वळणावर रस्त्यावरून वाहणारे पाणी चाचणीमार्गावर मिळत नाही. रंग उडालेला गतिरोधक, मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली, कंटेनरांच्या रांगेतून उलट्या दिशेने घुसणारी दुचाकी, हे सगळे तिथे हुबेहूब उभे करता येत नाही. आता तर गाड्यांत आपोआप ब्रेक लावणारी, लेन सांभाळणारी यंत्रणा येते आहे. तिचा कॅमेरा आपल्या रस्त्यांवर तपासलाच नाही, तर त्याची परीक्षा पुढे गाडी विकत घेणाऱ्याच्या जिवावर होईल. रस्त्यावरची चाचणी हवीच.

पण चाचणी रस्त्यावर आली की त्या रस्त्याने जाणारा प्रत्येक जण न विचारता तिच्यात सामील होतो. 2018 च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या टेंपी शहरात उबरच्या स्वयंचलित चाचणी गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेचा जीव घेतला. ऑगस्ट 2022 मध्ये जर्मनीत रॉयटलिंगनजवळ बीएमडब्ल्यूची एक चाचणी गाडी समोरच्या लेनमध्ये गेली. एकाचा मृत्यू झाला, नऊ जण जखमी झाले. पोलिसांनी आधी गाडी स्वयंचलित असल्याचे सांगितले, तर कंपनीने खुलासा केला की तिच्यात फक्त चालकाला साहाय्य करणारी यंत्रणा आहे. अपघात नेमका कशामुळे झाला हा वेगळा प्रश्न. रस्त्यावर कोणती गाडी फिरत होती, हे ठरवण्यातच पहिला गोंधळ व्हावा, ही गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. याउलट कॅलिफोर्नियात स्वयंचलित गाड्यांची चाचणी घेणाऱ्यांना प्रत्येक धडकेचा अहवाल परिवहन खात्याला द्यावा लागतो आणि तो लोकांना वाचता येतो.

आपल्याकडे नियमच नाहीत असे मुळीच नाही. नोंदणी न झालेली गाडी ट्रेड सर्टिफिकेटवर, म्हणजे उत्पादक-विक्रेत्यांना मिळणाऱ्या परवान्यावर, चालवता येते. तिची पाटी लाल आणि अक्षरे पांढरी. 1989 चे केंद्रीय मोटार वाहन नियम आले, तेव्हाच त्यांत अशा प्रत्येक फेरीची नोंद आधी वहीत करावी आणि तिची प्रत चालकाजवळ असावी, अशी तरतूद होती. म्हणजे गाडी कुणाची, कशासाठी निघाली, याची जाणीव कायद्याला पहिल्यापासून आहे. पण ही माहिती चालकाच्या खिशात असते, शेजारून जाणाऱ्या माणसाला ती दिसत नाही. काही गाड्यांच्या मागच्या काचेवर ‘ऑन टेस्ट’ चिकटवलेले असते. कोणाची चाचणी आणि गाडी बेदरकार चालली तर कळवायचे कोणाला, हे त्या दोन शब्दांतून कळत नाही. कारखान्यांच्या बसवर तक्रारीसाठी फोन नंबर लिहिलेला असतो. ज्या गाडीचे ब्रेक अजून तपासले जात आहेत, तिच्यावर तो का नसावा?

यावर उत्तर येईल की नंबर लिहिला तर कंपनी कळेल आणि गुपित फुटेल. कुठले गुपित? नव्या गाडीचे फोटो मोबाइलवरून तासाभरात सगळीकडे पोहोचतात, आणि ती कोणत्या कारखान्यातून निघाली हे चाकणचा चहावालाही सांगतो. आकार झाकलेला राहील, नंबर उघडा राहील, कंपनीचे काही बिघडणार नाही. लोक पाठलाग करतील, ही दुसरी हरकत मात्र खरी आहे. एका हातात हँडल आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून अशा गाडीला खेटणारी मुले स्वतःचा आणि इतरांचा जीव धोक्यात घालतात. वाहन चालवताना हातात मोबाइल धरणे हा कायद्याने गुन्हा आहे आणि तिथे दंड झालाच पाहिजे. पण पाठलाग आजही होतोच. तो नंबर लिहिल्याने सुरू होणार नाही आणि न लिहिल्याने थांबलेलाही नाही.

राज्याच्या परिवहन आयुक्तांनी एवढेच करावे: लाल पाटी पुढून-मागून स्वच्छ दिसलीच पाहिजे आणि मागच्या काचेवर चाचणी घेणाऱ्याचे नाव व चोवीस तास उचलला जाणारा फोन नंबर मराठीत लिहिलाच पाहिजे, असा आदेश काढावा. त्या वेटोळ्यांमध्ये यासाठी वीतभर जागा मोकळी सोडली, तरी पुरे.