शेजाऱ्याने दिलेला मध कुठे गेला?

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातला पहिलाच धडा आठवतोय का? आधी माणूस शिकार करायचा, कंदमुळं गोळा करायचा. मग त्याला शेती जमली. मग गावं वसली, मग शहरं. जिन्याच्या पायऱ्या चढाव्यात तसं एकामागून एक सगळं घडत गेलं.

परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळतील. पण जमिनीखालून जे निघालं, ते थोडी वेगळी गोष्ट सांगतं. शेती आली म्हणून शिकारी माणसं नाहीशी झाली नाहीत. ती शेतकऱ्यांची शेजारी म्हणून राहिली आणि हा शेजार कित्येक शतकं टिकला.

बागोरची वाळूची टेकडी

राजस्थानात भीलवाडा जिल्ह्यात कोठारी नदीच्या काठी बागोर नावाचं गाव आहे. तिथल्या वाळूच्या टेकाडावर १९६७ ते १९७० या काळात उत्खनन झालं. ते केलं पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ वीरेंद्रनाथ मिश्र यांनी. सगळ्यात खालच्या थरात दगडाची इवलीइवली हत्यारं मिळाली. काही तर बोटाच्या पेराहूनही लहान! लाकडाच्या किंवा हाडाच्या दांड्यात ती ओळीने बसवली की बाण किंवा सुरी तयार. सोबत रानटी जनावरांची हाडं होती, तशीच शेळ्या-मेंढ्यांचीही. म्हणजे शिकार आणि गुरं पाळणं एकाच घरात! जिन्याची पायरी इथेच डळमळते.

त्यावरच्या थरात दगडी हत्यारं आहेतच, पण आता तांब्याची बाणाची टोकं आणि मातीची भांडीही दिसतात. मृतांना पुरताना शेजारी भांडी, दागिने आणि अन्न ठेवलेलं आढळलं.

तांबं आलं कुठून? बनास नदीच्या खोऱ्यात आहाड, बालाथल, गिलुंड अशी शेतकऱ्यांची गावं होती. ती माणसं गहू-जव पिकवत, तांबं वापरत. कोठारी ही बनासचीच उपनदी. उत्तरेला सीकर जिल्ह्यात गणेश्वरला तर तांब्याच्या बाणाग्रांचा ढीगच सापडला आहे. बागोरच्या लोकांचं अशा शेजाऱ्यांकडे जाणं-येणं होतं, हे उघड आहे.

गुजरातमधला शेजार

आता मेहसाणा जिल्ह्यातल्या लांघणजला जाऊ. इथलं उत्खनन १९४०च्या दशकात ह. धी. सांकलिया यांनी सुरू केलं. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्या इरावती कर्वेही या कामात होत्या. इथे माणसांचे सांगाडे मिळाले, दगडाची बारीक हत्यारं मिळाली आणि चक्क गेंड्याचं खांद्याचं हाडही मिळालं. गुजरातमध्ये गेंडा, विश्वास बसतो? शिवाय एक तांब्याची सुरी आणि समुद्रातल्या नळीसारख्या शिंपल्यांचे मणी. लांघणजला समुद्र नाही. ते मणी कुणीतरी आणून दिलेत.

गुजरातमध्येच लोथल हे हडप्पा संस्कृतीचं गाव. तिथे मणी घडवण्याचा कारखाना होता. लोथलच्या लोकांची या शिकारी समाजांशी देवाणघेवाण चालत असावी, असं पुरातत्त्वज्ञ ग्रेगरी पोसेल यांनी मांडलं.

एकतर्फी दिसणारा हिशेब

नीट पाहिलं तर इथे एक गंमत आहे. शिकाऱ्यांना काय मिळालं ते आपल्याला दिसतं: तांबं, मडकी, मणी. पण त्यांनी काय दिलं? मध, मेण, कातडी, डिंक, औषधी मुळ्या, जंगलातल्या वाटांची माहिती. अभ्यासकांचा अंदाज असाच आहे. आणि यातलं जवळपास काहीच मातीत टिकत नाही. तांबं हजारो वर्षं राहतं, मध राहत नाही.

म्हणून हिशेब एकतर्फी वाटतो. जणू प्रगत शेजाऱ्याने दिलं आणि मागासलेल्याने हात पसरले. खरं तर एका बाजूची पावती कुजून गेली आहे, इतकंच.

ही गोष्ट फक्त चार-पाच हजार वर्षांपूर्वीची नाही. आजही जंगलाच्या आधाराने जगणाऱ्यांना आपण सहज ‘मागे राहिलेले’ म्हणून टाकतो. त्यांच्या हातचा मध, हिरडा, मोहाची फुलं मात्र आपल्या घरात येतात. ते मागे राहिलेले नाहीत, आपल्याच काळात वेगळ्या तऱ्हेने जगताहेत.

पुढच्या वेळी मुलांना घेऊन वस्तुसंग्रहालयात गेलात, तर दगडाच्या त्या बारीक तुकड्यांच्या पेटीसमोर जरा थांबा. बहुतेक जण तिथून भराभर पुढे सरकतात. मुलांना एवढंच विचारा: “ज्याच्याकडे हे होतं, त्याने शेजाऱ्याला काय दिलं असेल?” उत्तरं ऐका. पुस्तकातल्या धड्यापेक्षा ती नक्कीच रंगतदार असतील.