‘इंदाय’ म्हणजे मोलकरीण नव्हे

फिलिपीन्सच्या मध्यभागी असलेल्या बेटांवर मुलीला प्रेमाने ‘इंदाय’ म्हणतात. आई लेकीला, भाऊ बहिणीला आणि दुकानदार अनोळखी तरुणीलाही याच शब्दाने हाक मारतो. आपल्या ‘ताई’त जी माया आणि जो मान आहे, तसाच काहीसा या शब्दात आहे. पण हाच शब्द बोटीत बसून राजधानी मनिलात उतरला की त्याचा अर्थ बदलतो. तिथे कित्येक वर्षे ‘इंदाय’ म्हणजे घरकाम करणारी मुलगी. चित्रपटात आणि टीव्ही मालिकेत ती गावाकडचा हेल काढून बोलते आणि प्रेक्षक हसतात.

एका चांगल्या शब्दाची ही दशा का झाली?

एक भाषा नव्हे, कुटुंब

या बेटांना विसायस म्हणतात. सेबू, बोहोल, लेते, समार, पनाय, नेग्रोस ही त्यांतली मोठी बेटे. इथल्या भाषांना बिसाया भाषा म्हणतात. ही एक भाषा नाही, भाषांचे मोठे एकत्र कुटुंब आहे. सकाळी भेटल्यावर सेबूचा माणूस ‘मायोंग बुंताग’ म्हणतो, इलोइलोचा ‘मायोंग आगा’, तर समारचा ‘मउपाय न्गा आगा’. भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड झॉर्क यांनी १९७७ साली या भाषांचे पाच गट पाडले. त्यांतली सर्वात मोठी भाषा सेबुआनो सुमारे २ कोटी लोक बोलतात. दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटाच्या बऱ्याच भागातही तीच चालते.

मनिलाची तागालोग ही या कुटुंबाची चुलत बहीण. दोघींत साम्य आहे, पण घोटाळेही तितकेच. सेबूत ‘लांग्गाम’ म्हणजे पक्षी, तर मनिलात मुंगी!

बिसाया कालपरवाची बोलीही नाही. १५२१ साली मॅगेलनची जहाजे सेबूला लागली, तेव्हा त्याच्याबरोबरच्या पिगाफेट्टाने तिथल्या सुमारे १६० शब्दांची यादी केली होती. त्याआधीच समुद्रमार्गाने संस्कृत शब्दही या बेटांवर पोहोचले होते. बिसायातला ‘दिवाता’ म्हणजे आपली देवता. ‘बाहांदी’ म्हणजे खजिना, आणि त्याचे मूळ ‘भांड’ या शब्दात आहे. आपले भांडेही त्याच मुळाचे.

हसू कशाचे येते?

१९३७ साली राष्ट्राध्यक्ष केझोन यांनी तागालोगच्या आधारे राष्ट्रभाषा घडवण्याचे जाहीर केले. बिसाया भाषा बोलणारे सगळे मिळून तागालोग बोलणाऱ्यांपेक्षा जास्त होते, पण ते अनेक भाषांत विभागलेले होते आणि राजधानी तागालोग मुलखात होती. पुढे शाळा, चित्रपट आणि नोकरी यांची भाषा मनिलाची झाली.

गरिबीने उरलेले काम केले. १९८०च्या दशकात साखरेचे भाव कोसळले आणि नेग्रोसच्या ऊसमजुरांवर उपासमारीची वेळ आली. अशा गरीब बेटांवरच्या मुली मनिलात घरकामाला जात राहिल्या. सेबुआनोत मुख्य स्वर तीनच, अ, इ आणि उ. त्यामुळे तागालोग बोलताना त्यांचा ‘ए’चा ‘इ’ आणि ‘ओ’चा ‘उ’ होई. मालकिणीला एवढे निमित्त पुरेसे होते. हसू उच्चाराचे येत होते असे वाटते खरे, पण ते मुलीच्या परिस्थितीचे होते. साहेबाच्या तोंडी चुकीचा उच्चार आला तर कोण हसतो?

आपल्याला हे अनोळखी नाही. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला वर्गात हसणारे आपल्याकडे कमी नाहीत. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्या नावातला आणि शाळेतल्या शिक्षिकेला आदराने म्हटलेला ‘बाई’ हा शब्द शहरातल्या फ्लॅटमध्ये ‘आज बाई आली नाही’ एवढ्यापुरता उरला. हिंदी चित्रपटांतली मोलकरीणही अनेकदा मराठी वळणाचेच हिंदी बोलते. इंदायचे दुःख मराठी माणसाला समजावून सांगावे लागू नये.

आईची भाषा वर्गात

२०१३ साली फिलिपीन्सने कायदा करून तिसरीपर्यंतचे शिक्षण मातृभाषेतून देण्याचे ठरवले. सेबुआनो, हिलिगायनोन, वाराय यांच्यासह १९ भाषा वर्गात आल्या. घरी जे बोलतो तेच पुस्तकात पाहून मुलांचा संकोच कमी व्हावा, ही अपेक्षा होती. पण पुस्तके अपुरी पडली आणि शिक्षकांची तयारीही पुरेशी झाली नाही. २०२४च्या कायद्याने ही सक्ती काढून टाकली. आता पुन्हा फिलिपिनो आणि इंग्रजी या माध्यमभाषा आहेत आणि स्थानिक भाषा मदतीपुरती.

तरीही बिसाया माणसाने मान खाली घालावी असे काही नाही. १९५७ ते १९६१ या काळात राष्ट्राध्यक्ष असलेले कार्लोस गार्सिया बोहोलचे, आणि ते आपल्या भाषेत कविता लिहीत. सेबूच्या साहित्याचे अभ्यासक रेसिल मोहारेस यांना २०१८ साली राष्ट्रीय कलाकाराचा सन्मान मिळाला. २०२२ साली उपाध्यक्षपदी निवडून आलेल्या सारा दुतेर्ते ‘इंदाय सारा’ म्हणूनच ओळखल्या जातात. त्यांच्या राजकारणाबद्दल मते वेगवेगळी असतील, पण या नावाने हाक मारताना कोणाला मोलकरीण आठवत नाही.

सरकारे कायदे करतात आणि बदलतात. घरातली सवय मात्र आपल्या हातात असते. कामाला येणाऱ्या बाईंना नावाने आणि आदराने हाक मारली, त्यांच्या बोलीची नक्कल करणाऱ्या मुलाला तिथेच थांबवले, तर त्याला काही खर्च येत नाही.