दयेला ज्ञानाची जोड हवी

धाराशिव जिल्ह्यात उस्मानाबादी शेळी सर्वत्र दिसते. कोरडा चारा, बाभळीच्या शेंगा, मिळेल त्यावर ती भागवते. गिनीपिगलाही आपण तोच न्याय लावतो आणि तिथेच चुकतो. शेळी आपले ‘क’ जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात तयार करते. गिनीपिगला मात्र माणसाप्रमाणेच ते अन्नातून मिळावे लागते. १९०७ साली नॉर्वेतील होल्स्ट व फ्रोलिक या शास्त्रज्ञांनी गिनीपिगांना केवळ धान्य व पाव यांवर ठेवले, तेव्हा त्यांना स्कर्व्ही झाला.

म्हणून सांधे सुजलेला, केस विस्कटलेला, कोपऱ्यात बसून राहणारा गिनीपिग ‘आळशी’ म्हणून सोडून देऊ नये. पोट भरूनही तो कुपोषित असू शकतो. त्याला रोज १० ते ३० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व लागते. ढोबळी मिरची, कोथिंबीर, पेरूची लहान फोड यांतून ते मिळते. त्याचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून वाळलेले गवत सतत पुढ्यात असावे. उन्हाळ्यात त्याला गार सावलीत ठेवावे. रोज वजन करून वहीत मांडावे.

मात्र घरातली पेनिसिलिनची गोळी कदापि देऊ नये. तिने आतड्यातील उपयुक्त जीवाणू मरतात व प्राणी दगावू शकतो. खाणे थांबल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे.

एवढे करण्याची तयारी नसेल, तर शाळेने वा घराने गिनीपिग आणूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.